पंकजचा बडग्या

नागपुरातल्या मूर्तिकारांच्या गल्लीत, चितार ओळीत, जागेश्वर मूर्तिकाराला कुणी "काय चाललंय?" म्हणून विचारलं, तर गडी स्वतःचं सांगायचाच नाही. शेजारच्या पंकजचं सांगायचा. "तो पाहा, गणपती तोंडावर आला अन् साहेब मोबाइलवर लिहून राहिले!"

पंकज लिहायचा हे खरं. कुणाचं पडद्यांचं दुकान, कुणाची रंगाची कंपनी, त्यांच्यासाठी ऑनलाइन लेख. मातीचे हात पुसायचे, पायरीवर बसायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि दोन्ही अंगठ्यांनी टकाटक सुरू. तिकडून पैसा येई, म्हणून मूर्ती मोजक्याच घ्यायचा आणि माती तिच्या मर्जीनं वाळू द्यायचा. जागेश्वरची गोष्ट न्यारी. त्याचं वर्षाचं पोट याच हंगामावर. येईल त्याला हो म्हणायचं आणि लवकर वाळावी म्हणून ओल्या मूर्तीपुढं मोठाले दिवे लावायचे. गेल्या साली चौकातल्या मंडळाच्या गणपतीची सोंड अशीच तडकली, आणि यंदा मंडळाची मोठी मूर्ती गेली पंकजकडं! तेव्हापासून जागेश्वरला घास गोड लागेना. ताडपत्रीच्या फटीतून तो पंकजची मूर्ती न्याहाळायचा आणि तडा दिसला नाही की आणखी जळायचा.

"तुमीबी शिका नं लिहाले," बायको वच्छलाबाई म्हणाली.

"मी काहून शिकू वं? मी कलाकार आहो!"

अशात मंडळाचे अध्यक्ष चंद्रभानजी आले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे गावाची ईडा-पीडा घेऊन जाणारी पुतळ्याची बाई, वाजतगाजत निघते. लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे पुतळे, म्हणजे बडगे, तिच्यासंगं मिरवतात आणि शेवटी जाळतात. "यंदा मंडळाचा बडग्या तू कर," ते म्हणाले. "कायचा कराचा ते तूच ठरव. मोठ्या मूर्तीचं पुढल्या साली पाहू."

जागेश्वरला तर घबाडच सापडलं. त्यानं बांबू बांधले, कागद चिकटवला, जुनी पँट चढवली. वाकलेली मान, कपाळावरचा चष्मा, मोबाइलवरचे अंगठे. इतक्या मायेनं त्यानं देवाची बोटंही कधी घडवली नव्हती. गळ्यात पाटी टांगली: 'मोबाइलवाला कलाकार'. सारं नागपूर हसेल, पंकजचं नाक कापलं जाईल, मूर्ती परत आपल्या दारी!

नागपूर हसलंच. लोकांनी पोट धरलं, "ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत!" असा गलका झाला आणि बडग्या भडभड पेटला. जागेश्वर डोळ्याच्या कोपऱ्यातून पंकजकडं बघत होता. तर पंकज आला आणि थेट पायाच पडला.

"दादा, सख्खा भाऊ करत नाही इतकं केलं गा तुमनं!"

"कायचं केलं?"

"माह्या रूपाचा बडग्या जाळला नं! माही सारी पीडा गेली त्याच्यासंगं."

चंद्रभानजींनी मान डोलावली. "खरं आहे. आता पंकजवर इघ्न कायचं? पुढल्या सालचीबी मूर्ती यालेच देऊ."

जागेश्वर घरी येऊन भिंतीला टेकला. वच्छलाबाईनं पाण्याचा गडवा पुढं ठेवला. तिला हसू आवरत नव्हतं. "स्वतःचा केला असता तं आपली पीडा गेली असती."

बाहेर पायरीवर पंकजची टकटक सुरू झाली होती. जागेश्वरनं दार लोटून घेतलं.

"वच्छला, जाय वं, त्याले इचारून ये, ते लिहाचं काम कुठी भेटते," तो म्हणाला. "पन मी इचारलं असं सांगू नको."