बादशहा भाषण विसरला नव्हता

सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या गणेश मंडळात एक गोष्ट अजून हसत हसत सांगितली जाते. रोमच्या बादशहाचं काम करणारा नट ऐन शेवटच्या प्रवेशात भाषण विसरला, आणि एका हुशार सैनिकाने वेळ सांभाळण्यासाठी त्याला लवकर मारून टाकलं. तो हुशार सैनिक म्हणजे मी. गोष्ट खोटी आहे. खरी काय ते दोघांनाच माहीत होतं, आणि दुसरा कधी बोलला नाही, म्हणून माझं निभावलं.

चौऱ्याण्णव साली प्लेगच्या भीतीने अर्धी सुरत गावी पळाली, त्याच्या आधीच्या गणपतीतली ही हकीकत. दरवर्षी आम्ही महाराजांवरचं नाटक बसवायचो. वर्गणी मागायला गेलो की कोपऱ्यावरचा कापडवाला शेठ डोळे मिचकावून विचारायचा, "मास्तर, आ वखते पण अमने लूंटवाना?" सुरतेची लूट यंदाही दाखवणार का, असा त्याचा टोमणा. म्हणून त्या वर्षी मी जाहीर केलं की नाटक वेगळं होईल, आणि ते मी लिहीन. मी मराठी शाळेत शिक्षक होतो. आपल्याला लिहिता येतं असा माझा जुना समज होता.

विषय मला शाळेतल्या एका जाड पुस्तकात सापडला. हा बादशहा एका मोकळ्या केलेल्या गुलामाचा मुलगा. बाप लाकडांचा धंदा करायचा. मुलगा शिकून मास्तर झाला, त्यात भागेना म्हणून सैन्यात गेला, चढत चढत मोठा अधिकारी झाला. साठी उलटल्यावर, आधीच्या बादशहाचा खून झाला तेव्हा, त्याला गादीवर बसवलं. त्याने उधळपट्टी थांबवली आणि वाड्याच्या पहारेकऱ्यांना शिस्त लावायला घेतली. तीन महिनेही झाले नाहीत तोच ते तलवारी घेऊन वाड्यात शिरले. तो पळाला नाही. समोर जाऊन बोलू लागला. बरेच जण माना खाली घालून ऐकू लागले. एकाने मात्र ऐकलं नाही, आणि पहिला घाव घातला.

एवढ्या चरित्रातून मी एकच गोष्ट उचलली: मास्तर बादशहा झाला. भूमिका अर्थातच माझी होती. महिनाभर मी घरच्या खाटेवरही ताठ बसत होतो. बायको म्हणायची, "अहो, पाठीला उसण भरलीय का?"

तालमीच्या पहिल्याच दिवशी मंडळाच्या अध्यक्षांनी माझं राज्य खालसा केलं. "गुरुजी, राग मानू नका. तुमचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जातो. आपली माणसं रस्त्यापर्यंत बसतात." बादशहाचं काम मिळालं एका टेम्पोवाल्याला. तो धुळ्याकडचा. साड्यांचे गठ्ठे मार्केटात पोचवायचा, आणि टेम्पोचा हॉर्न बंद पडला तरी त्याचं काही अडायचं नाही. स्वतःवर फार खूश माणूस. मिशी काढायला तयार झाला नाही, तेव्हा कारखान्यातल्या टाकाऊ सुताची दाढी मिशीच्या वरूनच चिकटवली. कोऱ्या, न रंगवलेल्या ग्रे कापडाचा झगा त्याला असा शोभला की मला जेवण गेलं नाही. मी मारेकरी सैनिकाचं काम घेतलं. निदान शेवट तरी माझ्या हातात राहावा.

त्याची एक अडचण होती. बाप गावाकडे त्याला नाटक्या म्हणायचा, पोरगं वाया गेलं म्हणायचा. या वर्षी त्याने बापाला मुद्दाम बोलावलं होतं. "गुरुजी, बापनी एकदाव देखाले पाहिजे," तो मला म्हणाला होता. शेवटचं भाषण तो टेम्पो चालवतानाही म्हणायचा. माझं भाषण मात्र नाही. मी 'हे वीरांनो, विवेकाचा दीप विझू देऊ नका' असं लिहिलं होतं. ते त्याने आपल्या अहिराणीत फिरवून घेतलं. मी चिडलो, अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्ष म्हणाले, "पण गुरुजी, आता समजतंय!"

नाटकाच्या दिवशी त्याचा म्हातारा बाप पहिल्या रांगेत खुर्चीवर, टोपी मांडीवर घेऊन बसला होता. आम्ही सहा सैनिक पुठ्ठ्याच्या तलवारी उपसून घुसलो. बादशहा पुढे आला.

"भाऊसहोन," तो म्हणाला, "मना बाप लाकडं इकत व्हता. मी राजा व्हसू असं कोणलेच वाटनं नही, माले भी नही. तलवारी मंग काढज्यात. तुम्ही थकी येल शेत, पयले पानी पी ल्या."

लोक हसले, आणि मग पुढे सरकून ऐकू लागले. माझ्या शेजारच्या पाच सैनिकांनी तलवारी खाली केल्या. तसं नाटकात होतं, पण त्यांनी ते नाटकातलं म्हणून केलं नव्हतं. एकाच्या डोळ्यांत तर पाणी होतं. भाषण अजून अर्ध्याहून जास्त बाकी होतं. माझं त्यात एक वाक्यही नव्हतं. तो श्वास घ्यायला थांबला आणि मी तलवार खुपसली.

तो पडला. पडल्या पडल्या, दाढीतून, हळूच म्हणाला, "गुरुजी, आजून भाषण बाकी शे ना!" मी पडदावाल्याला हात केला.

पडद्यामागे गेलो तर म्हातारा तिथे येऊन उभा. "पाठ नव्हतं तं वर कसाले चढना रे?" त्याने मुलाला विचारलं. मुलाने माझ्याकडे पाहिलं. दाढी अर्धी सुटून लोंबत होती. माझं एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "बाबा, होतं असं कधी कधी. मोठमोठे नट विसरतात." वर मुलाच्या खांद्यावर थोपटलं. घरी बायकोने विचारलं, "तो तर बोलत होता ना? इतक्या लवकर का मारलंत?" मी तिला नाटकातलं काही कळत नाही असं सांगितलं.

पुढच्या वर्षीपासून तो फक्त पडद्याची दोरी ओढायचा. पुढे टेम्पो विकून बारडोलीला गेला. बाप वारला तो मुलाला विसराळू समजूनच.

यंदा मंडळाने स्मरणिकेसाठी माझ्याकडे 'ती बादशहाची गंमत' मागितली. लिहिण्याआधी त्याला फोन केला. सगळं कबूल केलं.  तो म्हणाला, "गुरुजी, माले ठाऊक व्हतं. बापले सांगतू तं तो तुम्हले सोडता नही. म्हातारा मानूस, मारामारी करता."

मी म्हणालो, तुझं भाषण सांग, पूर्ण छापतो. त्याने पाण्यापर्यंत म्हटलं आणि थांबला. "पुढलं याद नही, गुरुजी. तठेच मारं ना तुम्ही."

माझं विवेकाच्या दीपाचं भाषण मात्र मला अजून तोंडपाठ आहे. ते कुणी मागितलेलं नाही.