खुर्चीवाल्या बाई

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका रिकाम्या खुर्चीला झापत होत्या.

"आईनं म्हटलं म्हणून तू तिचा मोबाईल काढून घेतला? तुले सोताचं डोस्कं नाही का? बोल ना आता! काहून गप बसला?"

खुर्ची काय बोलणार? लाल प्लास्टिकची, एक हात तडकलेला, तो तारेनं बांधलेला. बिचारी मुकाट ऐकून घेत होती. मी झेरॉक्सचे कागद घेऊन दारात उभा. मनात म्हटलं, गेल्या बाई कामातून. रोज नवरा-बायकोंची भांडणं ऐकून कोणाचंही हेच व्हायचं. पण खरं सांगतो, मला वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एवढी झकास भूमिका होती, आणि ती एक खुर्ची करत होती. मी इथं धडधाकट उभा असताना!

रिसोडच्या बाजारात, बियाण्यांच्या दुकानाला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वरच्या दोन खोल्यांत एका स्थानिक संस्थेचं कुटुंब सल्ला केंद्र. त्याची पाटी चांगली मोठी होती, पण ती वाचून आलेला माणूस मी पाहिला नाही. सगळे खाली माझ्याकडे येऊन विचारायचे, "खुर्चीवाल्या बाई अठीच बसतात का?"

खुर्चीचं प्रकरण असं होतं. बायका यायच्या, नवरे यायचे नाहीत. पत्र पाठवा, फोन करा, उत्तर ठरलेलं : तूर फुलावर आहे, सवड नाही. काही नवऱ्यांची तूर बारा महिने फुलावर असायची. बाई मग न आलेल्याची खुर्ची लावायच्या आणि आलेल्या बाईला म्हणायच्या, "हा तुया नवरा बसला समज. घरी जे बोलायचं राह्यलं ते इथं बोलून पाय. मंग थो काय म्हनीन तेबी सांग. जो आला नाही त्यालेबी बाजू असते." फक्त मारहाणीची गोष्ट निघाली की बाई स्वतः उठून ती खुर्ची भिंतीला उलटी करून ठेवत. "हात उचलणाऱ्याची बाजू मी मांडत नाही," म्हणत, आणि त्या बाईला घेऊन सरळ पोलीस ठाण्याची वाट धरत.

त्या पहिल्या दिवशी त्यांनी दारात मला पाहिलं. "काय पायतं रे? गणपतीच्या नाटकात सासू झालता थो तूच ना? नाटक्या, उद्यापासून तूच बस खुर्चीत."

माझं नाव भास्कर आहे. त्या दिवसानंतर ते वरच्या मजल्यावर कोणी फारसं वापरलं नाही.

माझी पहिली भूमिका मेडशीच्या एका बाईचा नवरा. मी काय रंगलो म्हणता! मिशीला पीळ दिला, टेबलावर मूठ आपटली, "माझ्या घरात माझाच शब्द चालणार!" असं छप्पर हलेल अशा आवाजात ठणकावलं. ती बाई आधी दचकली आणि मग पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"बाप्पा! माया नवरा इतका बोलत असता तर मी इथं कायले आली असती?"

तिचं गाऱ्हाणंच ते होतं. नवरा बोलत नव्हता. भाकर दिली की खायचा, शेतात जायचा, यायचा, झोपायचा. सात महिने. बाई मला म्हणाल्या, "आता तोंड बंद कर आन् तिच्याकडं पाहू नको. बस नुसता." आयुष्यातली सगळ्यात अवघड भूमिका. मी खिडकीबाहेरच्या विजेच्या तारेकडे पाहत बसलो आणि ती बाई माझ्या गप्प राहण्याशी अर्धा तास बोलली. माझ्याशी कोणी इतकं बोलल्याला फार दिवस झाले होते.

मी लग्न केलेलं नाही. का, ते विचारू नका, त्यालाही बाजू आहेत. पण पुढच्या काही वर्षांत मी कितीतरी बायकांचा नवरा झालो, दोन-चार बायकांची सासू झालो, एकदा तर एका नवऱ्याची रुसून माहेरी गेलेली बायको झालो. त्या नवऱ्यानं खुर्चीतल्या माझ्या या मिशांकडे बघत डोळे पुसले. बाजारात माझ्यासारखा बहुसंसारी ब्रह्मचारी दुसरा नव्हता.

म्हणूनच बाईंनी एक शिस्त लावली होती. काम संपलं की त्या म्हणायच्या, "नाटक्या, आता उतर." मग मी जिन्याच्या तोंडाशी ठेवलेल्या माठातलं पाणी घ्यायचं, चूळ भरायची आणि मोठ्यानं सांगायचं, "मी भास्कर. झेरॉक्सवाला." एवढ्यानं त्यांचं भागत नसे. "आन् काय?" त्या आतून विचारत. मग मला म्हणावं लागे, "बिनलग्नाचा." यावर त्या आत एकट्याच खो खो हसायच्या. "हां! आता जा खाली. दुसऱ्याचा संसार जिन्याखाली नेऊ नको."

त्या माझ्यावर चिडल्या त्या एकदाच. मी एका मुलीची सासू झालो होतो. ती पोर इतकं मनापासून बोलली की मी वाहवलो. उठलो, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गदगदून म्हणालो, "चुकलं माझं, सूनबाई." मुलगी रडली, तिची आई रडली, मीही रडलो. टाळ्या तेवढ्या बाकी होत्या. आठ दिवसांनी ती मुलगी उतरलेल्या चेहऱ्यानं परत आली. घरी जाऊन तिनं सासूपुढे सगळं तसंच मन मोकळं केलं होतं, आणि सासू नुसती म्हणाली होती, "झालं बोलून? मंग भांडे घास." बाईंनी मला जिन्यात गाठलं.

"तिच्या सासूची माफी तू कोन मागणारा? खुर्चीतल्या माणसानं ऐकायचं. माफी ज्याची त्यानंच मागाव. तिले वाटलं, सासूच चुकलं म्हनली. आता घरी ते ऐकू नाही आलं तर दुप्पट दुखते."

ते मी कायमचं लक्षात ठेवलं.

समेट झाला की इतर लोक पेढे वाटतात. बाई तीन महिने थांबायच्या आणि मग एसटीनं त्या घरी न सांगता जायच्या. मला एकदा रिठदकडच्या एका गावी घेऊन गेल्या. चहा झाला, गप्पा झाल्या, सासू गोड, नवरा गोड. मी म्हटलं, बाई, जिंकलो! बाई परतताना म्हणाल्या, "तिच्या चपला पायल्या का? सगळ्याईच्या चपला समोर दारात. तिच्या मागं, गोठ्यापाशी, वर धूळ बसलेल्या. पोरगी घराबाहेर पडलीच नाही." पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा तिथं गेल्या. अशा किती घरांच्या चपला त्यांनी पाहिल्या असतील. स्वतःच्या घरी मात्र त्यांचा एकच जोड होता.

हे मला उशिरा कळलं. नवरा लवकर गेला होता, एक मुलगी होती, ती पुण्यात. एवढंच त्या सांगत. दर शनिवारी केंद्र बंद करताना त्या खिडकीपाशी उभ्या राहून फोन लावायच्या. रिंग पूर्ण वाजून बंद पडेपर्यंत कानाला धरून ठेवायच्या. मग पर्समध्ये टाकत म्हणायच्या, "पुण्यात रेंज नसते."

मी खोड्याळ माणूस. एकदा म्हटलं, "मेडशीच्या शेतात रेंज हाय आन् पुण्यात नाही? मोठं मागास गाव दिसते बाप्पा पुणं!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्सची चेन लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली. माझा विनोद एवढा वाईट कधीच पडला नव्हता.

त्यांच्या निवृत्तीला आठवडा राहिला होता तेव्हाची गोष्ट. दुपार. त्या दिवशी कोणी आलेलं नव्हतं. बाईंनी वरून हाक मारली. मी गेलो तर ती लाल खुर्ची त्यांच्या समोर लावलेली.

"केस कोणाची?" मी विचारलं.

"मायी."

मग त्यांनी सांगितलं. चार वर्षांपूर्वी मुलगी एक बॅग घेऊन त्यांच्या दारात आली होती. नवऱ्यानं तिला नोकरी सोडायला लावली होती, पगाराचं कार्ड काढून घेतलं होतं, कुठं जाते, कोणाशी बोलते याचा हिशेब मागत होता. बाईंनी तिला चहा दिला. "आन् मंग," बाई म्हणाल्या, "सवयीनं माया हात गेला रे. मी स्वयंपाकघरातून दुसरी खुर्ची आनली आन् तिच्यासमोर लावली. म्हटलं, आता त्याची बाजू सांग."

मुलगी त्या खुर्चीकडे पाहत राहिली होती. मग म्हणाली, "अंगावर वळ दाखवले असते तर ही खुर्ची लावली नसती ना तू? मले आई पायजे होती. तू मॅडमच निघाली." बॅग तिनं खाली ठेवलीच नव्हती. ती तशीच निघाली, नवऱ्याकडेही गेली नाही, सरळ पुण्याची गाडी धरली. चहा अर्धा राहिला होता.

"चार वर्षं झाली, मी काय बोलाव ते ठरवून राह्यली. आज तू मायी पोरगी हो. बस."

मी बसलो. मिशीला हात लावला नाही. बाई समोर. शेकडो लोकांना बोलतं करणाऱ्या बाई तोंड उघडायच्या आणि मिटायच्या. खाली बाजारात कोणीतरी तुरीचा भाव ओरडून सांगत होतं. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं : "आई, मी परत येते." चार शब्द. उभ्या आयुष्यात एवढा टाळीचा संवाद मला मिळाला नव्हता. पण मला त्या सुनेचा उतरलेला चेहरा दिसला, आणि मी ओठ आवळून धरले. ही माफी माझी नव्हती.

बऱ्याच वेळानं बाईंना शब्द सापडले. फार लहान होते.

"जेवली का?"

मी चपापलो. मग म्हणालो, "नाही."

बाईंनी डबा उघडला. भाकरीचा अर्धा तुकडा मोडला, त्यावर वांग्याची भाजी ठेवली आणि माझ्या हातात दिला. "त्या दिवशी तिले येवढंच विचाराचं होतं पाय," त्या म्हणाल्या. "येवढंच." आम्ही दोघं जेवलो. त्या दिवशी बाई 'उतर' म्हणायला विसरल्या. मीही आठवण करून दिली नाही.

निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, सूत्रसंचालन अर्थातच मी केलं आणि लोकांना पोट धरधरून हसवलं. कामरगावला त्यांचं वडिलांचं घर होतं, तिकडे त्या निघाल्या. जाताना लाल खुर्ची माझ्या दुकानात ठेवायला लावली. "ठेव. गिऱ्हाइकाले बसायले होईन." एसटी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून ओरडून विचारलं, "तू कोन रे?" मी भर स्टँडवर ओरडलो, "भास्कर! झेरॉक्सवाला! बिनलग्नाचा!" अख्खी गाडी वळून पाहत होती. बाईंचं हसणं मी ते शेवटचं ऐकलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. मला तीन दिवसांनी कळलं. तसं कोण कळवणार? झेरॉक्सवाला म्हणजे कोणाचा कोण.

पंधरा-वीस दिवसांनी एक तिशीची बाई दुकानात आली. केंद्रात आईचे काही कागद राहिले होते, ते घ्यायला आले, म्हणाली. हातातल्या दाखल्याच्या पाच प्रती हव्या होत्या. मी कागद काचेवर ठेवताना त्यावर बाईंचं नाव वाचलं. मशीनचा उजेड त्या नावाखालून पाच वेळा गेला. मी पाठमोराच राहिलो.

"तुम्हीच नाटक्या काका का?" बोलणं अगदी पुणेरी झालेलं. "आईच्या मेसेजमध्ये असायचे तुम्ही. फोन मी घेत नव्हते, पण मेसेज वाचायचे. शेवटी शेवटी रोज एक वाजता एकच यायचा. 'जेवली का?' मी एकदाही उत्तर दिलं नाही. वाटायचं, उद्या देऊ."

मग तिची नजर कोपऱ्यातल्या लाल खुर्चीकडे गेली. तारेनं बांधलेल्या हाताकडे. मीच शटर अर्धं खाली ओढलं आणि जाऊन खुर्चीत बसलो. तिनं सांगितलं नव्हतं, पण नको असंही म्हटलं नाही.

बाईंची भूमिका मी कधी केली नव्हती. पाठांतर नाही, तालीम नाही. माफी मागायची नाही, द्यायची नाही, एवढंच माहीत. त्या अख्ख्या भूमिकेतलं मला एकच वाक्य येत होतं.

"जेवली का?"

तिनं प्रती छातीशी धरल्या होत्या. पुण्याची भाषा कुठल्या कुठं गेली.

"जेवली, आई," ती म्हणाली. "रोजच जेवत होती मी."

तिनं डोळे पुसले, कागद पिशवीत घातले, खुर्चीच्या तारेला एकदा बोट लावलं आणि स्टँडकडे निघून गेली.

मी जिना चढून वर गेलो. केंद्राला जेवणाच्या सुट्टीचं कुलूप होतं. नव्या मॅडमनी आतलं सगळं बदललं आहे, पण माठ अजून जिन्याच्या तोंडाशीच आहे. मागल्या वेळचंही उतरायचं राहिलं होतं. पाणी घेतलं, चूळ भरली आणि मोठ्यानं म्हणालो, "मी भास्कर. झेरॉक्सवाला."

बंद दाराकडे तोंड करून थोडा थांबलो. आतून कोणी "आन् काय?" विचारलं नाही.

"बिनलग्नाचा," मीच म्हणालो, आणि खाली उतरलो.