आवाज गेलेल्या सायलसचं भाषण

आमच्या सायलसचा आवाज लढाईत विषारी वायूनं गेला. गेला तर गेला! आमच्या गिरणीगावात आवाजावाचून कुणाचं अडलंय? मागांच्या खडखडाटात स्वतःची शिंक ऐकू येत नाही. आम्ही विणकर ओठांनी बोलतो. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला नवऱ्याची गाऱ्हाणी सांगते, तोंडातून हूं की चूं न काढता. कळत नाही ते फक्त हापिसात बसणाऱ्या मालकाला.

मी टॅमर पिलिंग, थोरली बहीण. सायलस माझ्या पाठचा, आणि एमॉस आमचं शेंडेफळ. सायलस पहिल्यापासून आपलं काम बरं नि आपण बरं असा. एमॉस मात्र तोंडाळ, मुकादमालाही सुनवायचा. जर्मनांशी युद्ध लागलं तेव्हा आमचे मालक फेअरबर्न कर्नल झाले आणि गल्लीच्या गल्ली त्यांच्या पलटणीत गेली. शेजारी शेजारी भरती व्हा, शेजारी शेजारी लढा, म्हणे. शेजारी शेजारी मरा, हे मेल्यांनी सांगितलं नव्हतं.

फ्रान्सात सॉम नदीकडे काय झालं ते मला सायलसनंच सांगितलं. हुकूम असा होता: आपल्या तोफांनी समोरची काटेरी तार तोडली आहे, खंदकातले जर्मन मेले आहेत, तेव्हा पाठीवर ओझं घ्या, ओळ धरा आणि चालत जा. पळायचं नाही. चालत! जत्रेला निघाल्यासारखं! आणि तार होती तशी उभी. मशीनगन सुरू झाल्या नि माणसं ओळीनं आडवी व्हायला लागली. त्या गदारोळात एमॉस सायलसकडे वळला आणि ओठांनी म्हणाला, "अरे गाढवा, चालतोस काय? ओझं फेक! पळ, पुढच्या खड्ड्यात शीर!"

आजूबाजूला सगळे विणकरच. ज्यांनी ते ओठ पाहिले ते त्याच्यामागून तोफगोळ्यांच्या खड्ड्याखड्ड्यांतून पुढे सरकले, आणि त्यांतले बरेच जगले. आमचा एमॉस तारेपर्यंत पोचला. तिथंच अडकला, तिथंच मेला.

पुढच्या साली वरच्यांना अक्कल सुचली. बैल गेला नि झोपा केला! आता म्हणे ओळ नको. लहान लहान टोळ्या करा, तोफांचा मारा पुढे पुढे सरकेल त्याच्या मागोमाग पळा, खड्ड्यांचा आडोसा घ्या. सायलसला हे छावणीत शिट्ट्या वाजवून शिकवलं. तसंच लढताना त्याचा गळा जळला, आणि वर पदक मिळालं.

युद्ध संपलं. मेलेल्यांची नावं कोरून चौकात दगड उभा करायचं ठरलं. एमॉसचं नाव कर्नलनं गाळलं. का, तर त्यानं हुकूम मोडला, ओळ मोडली, त्याच्यामुळे हल्ला फसला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी सायलसला घेऊन कर्नलच्या दारात गेले.

"साहेब, एमॉसचं नाव हवंय. ह्याला विचारा, हा तिथं होता."

सायलसचे ओठ हलायला लागले. कर्नलनं कान पुढे केला, मग घड्याळ पाहिलं. "बिचाऱ्याला बोलता येत नाही. कशाला छळतेस त्याला, बाई?"

"तो बोलतोय! तुम्हालाच कळत नाहीये!"

दार लागलं.

घरी सायलस शांतपणे चहात पाव बुडवून खात होता. मग म्हणाला, "दगडापुढं फुलं वाहायला मला बोलावलंय. पदकवाला म्हणून."

"आणि जाणार तू? लाज नाही वाटत?"

"जाणार. तू पुढं उभी राहा. आणि ती पिसांची टोपी घालू नकोस, बये. मागच्यांना माझं तोंड दिसू दे."

त्या दिवशी अख्खी गिरणी चौकात होती. कर्नल शौर्यावर बोलला, पाद्री बोलला. सायलसनं फुलं ठेवली आणि दगडाकडे पाठ करून आमच्याकडे वळला. गिरणीत बोलतो तसा, ओठ मोठे करून, सावकाश.

"माझा भाऊ ह्या दगडावर नाही. ह्यांनी चालायला सांगितलं, तो पळ म्हणाला. मी पळालो म्हणून जगलो. पुढच्या साली ह्यांनी तेच मला शिकवलं आणि पदक दिलं. एमॉसला मात्र नाव नाही. तुम्ही घ्या त्याचं नाव."

माझ्या शेजारच्या बाईचा नवरा त्या दगडावर होता. हुकुमाप्रमाणे चालत गेला होता तो. पहिले तिचे ओठ हलले. मग माझे. मग चौकातल्या प्रत्येक विणकराचे, पुन्हा पुन्हा, आवाज न काढता: एमॉस पिलिंग, एमॉस पिलिंग.

कर्नलला वाटलं, गाव मनातल्या मनात प्रार्थना करतंय. त्यानं टोपी काढली, मान खाली घातली आणि आमचे ओठ थांबेपर्यंत तसाच उभा राहिला.

दगडावर नाव अजून नाही, आणि माझा राग मी मरेन तेव्हाच जाईल. पण आमच्या एमॉससाठी त्यानं टोपी काढली होती, हे आम्ही कुणीच त्याला सांगितलेलं नाही.