पोरीच्या तोंडातलं उपरणं

"द्या हो आत्याबाई, द्या ना तिला! ती अजून प्यायली बी नाय!"

मी ओरडत व्हते आन् सासू माझ्या दहा महिन्याच्या पोरीला कडेवर आवळून जिना उतरत व्हती. दुसऱ्या हातात झबल्यांची पिशवी. खाली दिरानं गंगापूरहून आणलेली जीप. मला चपला सापडंनात, तशीच पळाले.

"माझी नात चर्चमधी वाढायची नाय," सासू म्हणली. "मेंढरामागं हिंडून पाच लेकरं जगवली मी. कुणाच्या तेलावर नाय!"

दिरानं मोबाईल माझ्या नाकापुढं धरला. "वहिनी, ही कोण?"

मीच व्हते. गुडघ्यावर बसलेली, मांडीवर पोरगी, आन् पोरीच्या तोंडात एका उमेदवाराचं उपरणं.

आता हे कसं झालं ते सांगते. पोरीला तापात झटके यायचे. दवाखाना चालू, औषध बी चालू. पण झटका आला की मी तिला उचलून शेजारी पळायचे. मग आम्ही ऱ्हातो त्या गारखेड्यातलीच शेजारीण म्हणली, चल आमच्या चर्चला. गेले. पत्र्याचा हॉल, खाली सतरंजी. कुणी जात इचारली नाय, काय मागितलं नाय. मी रडले की बाया पाठीवरून हात फिरवायच्या. नवऱ्याला ठाऊक व्हतं, सासूला नाय. तिथली रीत अशी, शेवटाला पास्टर म्हणत्यात, ज्याला प्रार्थना पाहिजे त्यानं पुढं यावं. मग गुडघे टेकायचे, ते कपाळाला तेल लावत्यात.

त्या रविवारी लोकसभेची निवडणूक तोंडावर आलती. उमेदवार पुढच्या खुर्चीत बसलेला. पास्टर लई येळ बोलले. धर्म बदलला की आपल्या लेकरांच्या सवलती जात्यात, प्रार्थनेला बसलं की लोकं दारात येऊन धमकावत्यात, देशासाठी दिल्लीत आपल्या बाजूनं बोलणारा माणूस पाहिजे. असंल खरं. पण माझा हात पोरीच्या कपाळावर. पुढं कवा बोलवत्यात, एवढंच डोक्यात. बोलवलं तशी पळाले. उमेदवार बी आशीर्वादाला माझ्या शेजारीच वाकला. पोरीला दात येत व्हते, जे दिसंल ते चावायची. तिनं त्याच्या गळ्यातलं उपरणं वढलं आन् तोंडात कोंबलं.

सगळे हसले. पास्टर म्हणले, "बघा, लेकरानं बी ठरवलं!"

कुणीतरी फोटो काढला. मी बी हसले हो. मला काय माहीत!

चार दिवसात तो फोटो मतं मागायच्या कागदावर. दुसऱ्या पार्टीवाल्यांनी तोच उचलला आन् खाली लिहिलं, लेकरं बाटवायला लागले. माझा दीर त्याच पार्टीचं काम करतो.

मी पास्टरकडं धावले. "साहेब, एवढंच सांगा सगळ्यांला, ही बाई प्रार्थनेला आलती, मताला नाय."

"भिऊ नको, बाई. आत्ता मागं सरलो तर दिल्लीत आपलं कोण ऐकंल?"

"दिल्लीचं ऱ्हाऊ द्या, साहेब, गंगापूरची सासू ऐकंना मला!"

ते हसले. डोक्यावर हात ठेवला आन् मीटिंगला गेले. लई राग आला. माझ्या लेकराचं तोंड कागदावर छापताना मला इचारायचं कुणाला सुचलं नाय.

आन् मग ही जीप.

"वहिनी, एका मिनटाचं काम," दीर म्हणला. "मोबाईलपुढं बोला, पास्टरनं आमिष दाखवून नेलं. पोरगी लगीच तुमच्या कडेवर."

"कसलं आमिष? तिथं मला कुणी कपभर चहा बी नाय पाजला!"

"बोलायला काय जातंय? देशाचं काम हाय."

नवरा जिन्याच्या दारातच उभा, खाली बघत. "बोल ना. मला शिफ्टला उशीर व्हतोय."

मी बोलले, पोरगी तापली म्हणून गेले. दिरानं ते पुसलं. "परत." परत तेच बोलले. परत पुसलं. जीप चालू झाली. पोरीनं माझ्याकडं दोन्ही हात केले आन् माझं दूध आपोआप पाझरलं, पुढचा गाऊन सगळा वला. तिसऱ्यांदा त्याला पाहिजे तसं बोलले.

पोरगी मिळाली. दुपारपर्यंत ते बोलणं सगळ्यांच्या मोबाईलवर. पास्टरला चौकीत बसवून ठेवलं. आता रविवारी हॉलला कुलूप असतंय. मी दिसले की शेजारीण दार लावून घेती. पास्टर म्हणायचे देशासाठी, दीर बी म्हणतो देशासाठी. परवा पोरगी परत तापली, तवा दोघातलं कुणी आलं नाय. मी एकटीच थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसले. भिंतीपल्याड शेजारीण जागीच व्हती, तिच्या बांगड्या ऐकू येत व्हत्या. हाक मारायला माझं तोंड उघडलं नाय.

मी आठवी शिकलेली बाई. मला देशाचं कळत नाय. तुम्ही सांगा, जीप चालू झालेली, लेकरू आत, तुम्ही अनवाणी रस्त्यावर आन् समोर मोबाईल धरलेला. तुम्ही काय बोलला असता?