मामूंचा घोळ

माझ्या आयुष्यातले सगळ्यात बिघडलेले फोटो ज्यांच्यामुळे आले, ते दस्तगीरमामू आज सकाळी गेले.

पलूसजवळच्या आमच्या गावात मामूंचा मांडवाचा धंदा. माझं काम पिकांचे वरून फोटो काढायचं. सॅटेलाइटला दिसलेलं पीक खरंच तसं आहे का, हे जवळून ताडून बघायचं.

तेव्हा ड्रोन नव्हता. मामूंनी पाखरं राखायला बांधतात तसा बांबूचा माळा बांधून दिला, पण चांगला दुमजली उंच. एक खिळा नाही, सगळं काथ्यानं आवळलेलं.

सॅटेलाइट आमच्यावरून जायच्या दिवशी हळदीच्या पिकाचे फोटो काढायला मी कॅमेरा घेऊन वर चढायची. मामू खाली बांबू धरून उभे. लग्न न्हाई, वरात न्हाई, नुसती हळद बघायला मांडव, असं म्हणून हसायचे.

एकदा मी त्यांना माळा शेताच्या मधोमध बांधायला सांगून सांगलीला गेले. परत येऊन बघते तर माळा बांधावर.

मी लय भडकले. माणसांसमोर बोलले त्यांना. वयाचाही विचार केला नाही.

मामू शांत. "उभ्या पिकात बांबू रोवायचा न्हाई. हळद हाय ती पोरी, गवत न्हाई."

झालं. अर्ध्या फोटोत हळद, अर्ध्या फोटोत बांधापलीकडचं, बुटक्या भिंतीआडचं कबरस्तान. रागारागात मी ते सगळे एका फोल्डरमध्ये टाकले. फोल्डरचं नाव, 'मामूंचा घोळ'.

पुढं ड्रोन आला. माळा सुटला. मामूंनी ड्रोनकडं बघितलं आणि बांबू गाडीत भरले. मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मग महापूर.

कबरस्तानावर आठवडाभर पाणी होतं. ओसरलं तेव्हा सगळीकडं सपाट गाळ. मातीच्याच कबरी त्या, कुठली कुणाची काही कळेना.

मामू दारात येऊन बसले. चहा नको म्हणाले.

"तुझ्या त्या सॅटेलाइटला आमच्या अम्माची कबर दिसंल का गं?"

मी लॅपटॉप उघडला. दहा मीटरचा एक ठिपका. अख्खं कबरस्तान म्हणजे चारदोन तपकिरी ठिपके. पुराआधी ड्रोन फक्त पिकावर उडवलेला, कबरस्तानाचे फोटो होते ते पुरानंतरचे. त्यात नुसता गाळ.

न्हाई दिसत मामू, म्हणताना माझी मान वर होईना.

तर तेच माझी समजूत काढायला लागले. "असू दे. लय वरनं बघतंय ते. त्याचा काय दोष?"

ते फाटकापर्यंत गेले आणि मला फोल्डर आठवला. हाक मारून परत बोलावलं.

फोटोत भिंतीपलीकडं सब्ज्याचं एक हिरवं रोप होतं. उशाला काळा दगड.

मामूंनी स्क्रीनवर बोट ठेवलं ते काढलंच नाही. "हीच. सब्जा मीच लावलाता."

फोटोवरून अंतर काढलं. बायका आत जात नाहीत, म्हणून मी भिंतीच्या कोपऱ्याला टेपचं टोक धरून बाहेर उभी, मामू आत. तिथून एकदा, फोटोत दिसणाऱ्या लिंबापासून एकदा. वीतभर गाळाखाली दगड लागला.

मला भिंतीवरून फक्त त्यांची टोपी दिसत होती. बराच वेळ ती हलली नाही.

बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "माझीबी जागा तिच्याशेजारीच. टेप जपून ठिव."

मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा पाणी आलं, पुन्हा गाळ बसला. मामू अंथरुणाला खिळलेले, साफ कोण करणार? आज सकाळी त्यांच्या थोरल्याचा, रफिकचा फोन आला. "ताई, अब्बा गेले." मग, "टेप घेऊन येता का?"

असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर मातीची वेळ होती. त्याआधी जागा सापडायला हवी होती.

त्याच कोपऱ्याला मी टोक धरून उभी राहिले. टेप आत सरकत गेला. टोक सोडलं नाही.

आतून रफिकचा आवाज आला, "लागला दगड."

मामू, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले त्याची माफी मागायची राहून गेली. आज मागते. माळा बांधला होता तो बरोबर जागीच बांधला होता तुम्ही.

निजा आता अम्माशेजारी. पाऊस लागला की सब्ज्याचं रोप घेऊन येते.