छबूबाईनं जिंकलेली पिल्लं

काळेवाडीत छबूबाईशी भांडायला कोणी धजत नसे. तिच्या जिभेला हाड नव्हतं, हे खरंच. पण तिचा मुद्दाही बिनतोड असायचा, आणि माणसं चिडत ती त्यानंच.

तिला पोटी मूल नव्हतं. थोरली जाऊ शालनबाई, तिला चार मुलगे. धाकटा ज्योतीराम अंगावरचं दूध सुटताच तिनं छबूबाईच्या ओटीत घातला. ना कागद, ना विधी. छबूबाईनं त्याला असा वाढवला की पोर कोणाचं हे गावही विसरलं. आता तो पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला होता आणि माघात त्याचं लग्न होतं. मांडवात वरमाय म्हणून कोण मिरवणार, हे मात्र कोणी काढत नव्हतं. छबूबाईला दुसरं काही सुचत नसे. पण अख्ख्या गावाला जाब विचारणारी ही बाई जावेला एवढं विचारायला भीत होती.

तशातच शालनबाईची तांबडी कोंबडी खुडूक झाली. अंडी द्यायची सोडून रिकाम्या खुराड्यात फुगून बसायची. शालनबाईनं तिच्या नाकात पीस घातलं, हौदात बुचकळली; कोंबडी ओलीचिंब होऊन पुन्हा जागेवर. शेवटी एक दिवस ती भिंत ओलांडून छबूबाईच्या गोठ्यात शिरली आणि पाटीत साठवलेल्या अंड्यांवर बसली. छबूबाईनं तिला हाकललं नाही. फुकटची दाई कोण सोडतं?

पिल्लं निघाली तशी शालनबाई भिंतीशी आली.

"छबू, कोंबडी माझी हाय. रीतीनं निम्मी पिल्लं माझी."

"मी बसवली व्हय तिला? आपल्या पायानं आली. एक पिल्लू मिळायचं न्हाई!"

भांडण चुलतसासरे मारुतराव यांच्या ओट्यावर गेलं. आळीतल्या बायका जमल्या, आणि माणसं जमली की छबूबाईला चेव यायचा.

"मामंजी, ज्याची अंडी त्याची पिल्लं. नुस्तं उबवलं म्हणून कुणी आई होतं व्हय? बसायला काय, कुणीबी बसतं!"

बायका खदखदून हसल्या. मारुतरावांनी मान डोलावली. "बोलती खरं. पिल्लं छबूची."

शालनबाईनं पदर सारखा केला. "मला मान्य हाय. समद्यांनी ऐकलंय," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

छबूबाई मोठ्या तोऱ्यात घरी आली. ज्योतीराम कामावरून येऊन भाकरी खात होता.

"आये, जिंकलीस न्हवं?"

छबूबाई हसायला गेली आणि तिचं तोंड तसंच राहिलं. आपण ओट्यावर काय बोललो ते तिला आत्ता कळलं. उबवणारी ती आई नव्हे! स्वतःच्या तोंडानं, आळीला साक्षी ठेवून! पोरगं हातचं गेलं, असंच तिला वाटलं.

तिनं पिल्लांचं डालगं उचललं आणि अनवाणी शालनबाईचं अंगण गाठलं. शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात म्हणाली, "जाऊबाई, माझं चुकलं! ऊब देती तीच आई. समदी पिल्लं तुमची!" जिंकलेलं भांडण हरायला धावत आलेली छबूबाई काळेवाडीनं पहिल्यांदाच पाहिली.

शालनबाईनं निम्मी पिल्लं ओच्यात घेतली. बाकीची डालग्यातच राहू दिली.

"समदी कवा मागितली मी? पयल्यापासनं निम्मीच मागत व्हते. पोराचंबी तसंच हाय, छबू. त्यो तुझाच हाय. पर मांडवात मला परक्यावानी उभी करू नगंस."

छबूबाई तिथंच बसून रडली. मग शालनबाईही रडली.

माघात मांडवात दोघी शेजारी शेजारी बसल्या. मुलीकडचे कुरकुरले. एका नवरदेवाला दोन वरमाया? मानाची लुगडी दोन? असं कुठं असतं?

छबूबाई गप्प होती. शालनबाईनं तिला कोपरानं ढोसलं.

"बोल की आता," ती म्हणाली.