काकीला नको असलेला ‘वॉज’

जयू काकी वर्गात कधी बसली नाही. वेंगुर्ल्यात एका स्टेशनरीच्या दुकानाच्या माडीवर मी नवशिक्यांना इंग्रजी शिकवायचे. बाकीचे सगळे चटईवर बसत. काकी मात्र खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फिरत राही. गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत मोबाइल. दर दोन मिनिटांनी तो पिशवीतूनच बघायची. “काकी, बसा ना जरा,” म्हटलं की म्हणे, “बसलंय तर जीव घाबरता गो बाय. तू शिकय, माझे कान हंयच आसत.”

पन्नाशी उलटलेली, चौथीपर्यंत शिकलेली, बंदरावर मासे विकणारी बाई. इंग्रजी कशाला शिकता, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. तिचा मुलगा मंगेश मालवाहू बोटीवर खलाशी होता. एका दुपारी कंपनीच्या ऑफिसातून फोन आला. बोलणारा भराभर इंग्रजीत बोलत होता. “माका मंगेश कळलो आणि हॉस्पिटल कळला,” काकी म्हणाली. “बाकी कायएक नाय. फोन बंद.” परत लावला तर कोणी उचलेना. दोन दिवस ती बंदरावर येरझाऱ्या घालत होती. तिसऱ्या दिवशी मंगेशचाच फोन आला. हाताचं बोट चेंगरलं होतं, एवढंच. “दोन दिस मी त्येका मनात मारलंय आणि जिता केलंय. पुन्हा तसा होवचा नाय. शिकय माका.”

मी शिकवायला घेतली ती साहाय्यकारी क्रियापदं, फळ्यावर तक्ता काढून. काकीला ती पटेनात. “एवढी कित्याक? एक पुरे.” तिने एक निवडलंही. “आय इज जयू. फिश इज फ्रेश. यू इज मॅडम.” चटईवरची पोरं हसायची, काकी त्यांच्याकडे न बघता फिरत राही. शेवटी मी तक्ता पुसला आणि तिच्याच बोलीत लिहिलं: इज म्हणजे आसा, वॉज म्हणजे होतो, विल बी म्हणजे आसतलो.

काकी खिडकीशी थबकली. “म्हणजे माणूस आसा की नाय, तां ह्या बारक्या शब्दात आसता?” मी हो म्हटलं. “आणि मी आपली मोठ्या शब्दांचे अर्थ पाठ करतंय!”

त्यानंतर ती झपाट्याने शिकली. ‘डू’ तर तिने मलाच समजावून दिला. “आपलो ‘काय’ शेवटाक येता. तुका सुरमय व्हयी काय? त्यांचो आधीच येवन उभो रवता. डू यू वॉन्ट सुरमय?” हे वाक्य ती पर्यटकांवर रोज वापरी आणि कोणी काय उत्तर दिलं ते वर्गात येऊन सांगे.

एका शब्दाशी मात्र तिचं जमेना. ‘वॉज’ ती मासळीला लावी, पावसाला लावी, गेलेल्या नवऱ्याला लावी. मंगेशला लावत नसे. मी सरावासाठी “मंगेश वॉज अ स्मॉल बॉय” असं वाक्य दिलं तेव्हा ती ताडकन म्हणाली, “माझ्या झिलाक तो लावू नको.” मी वाक्य बदललं.

पुढच्या श्रावणात, वर्ग चालू असतानाच तिचा फोन वाजला. नंबर ऑफिसचा होता. काकीने पिशवी फाडूनच फोन बाहेर काढला आणि स्पीकर लावला. पलीकडून आवाज आला, “मॅडम, मंगेश वॉज इन हॉस्पिटल.”

‘वॉज’ ऐकताच काकीचा चेहरा उतरला. मी फोन घ्यायला पुढे झाले. तिने माझा हात बाजूला केला. “थांब. माझो झील आसा.” मग एकेक शब्द तोलत तिने विचारलं, “इज... ही... इन हॉस्पिटल?”

“नो, नो. ही वॉज. नाऊ ही इज ऑन बोर्ड. ही कॅन टॉक टुमॉरो.”

काकीने गोंधळून फळ्याकडे बघितलं. “बोर्ड?”

“बोटीवर, काकी,” मी म्हटलं. “बरा होऊन बोटीवर गेलाय.”

“म्हणजे वॉज झाला तां हॉस्पिटल,” ती म्हणाली, “मंगेश नाय.” आणि भिंतीला टेकून रडली. वर्गात कोणी हसलं नाही.

आठवड्याने ती शेजारच्या शेवंताला घेऊन आली. शेवंताचा नवरा आखातात बोटीवर होता. “हिका शिकय. मी येवचंय नाय आता, बाजार बुडता.” अजून बरंच राहिलंय, असं मी म्हणत होते तोवर ती अर्धा जिना उतरली होती.

पुढे मला मालवणात नोकरी लागली, वर्ग दुसऱ्या बाईंनी घेतला. गेल्या वर्षी काकी अचानक गेली, ते मला शेवंताने फोनवर सांगितलं. मंगेश तेव्हा भर समुद्रात होता. ऑफिसला शेवंतानेच कळवलं. पलीकडचा माणूस नियम सांगायला लागला. बोट बंदराला लागेपर्यंत काही करता येत नाही म्हणाला.

“मग तू काय म्हणालीस?”

“ही मस्ट कम होम, म्हटलंय. तो बोलत रवलो. मी तितक्याच म्हणत रवलंय. ही मस्ट कम होम.”

मंगेश बाराव्याच्या आदल्या दिवशी घरी पोचला.